पुरला नसंल
(एका पाळक मित्राला पत्र)

नगर,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय मित्रा,

जय ख्रिस्त.

परवा फोनवर तू विचारलंस, "लोक म्हणतात तू बदललास. खरं सांग, तू अजून ख्रिस्ती आहेस ना?" मी "हो रे" म्हणालो आणि तुझ्या मुलीच्या परीक्षेचा विषय काढला. फोन ठेवल्यापासून ते "हो रे" मला टोचतंय. ते खोटं नव्हतं, अर्धं होतं. तू माझा बालमित्र, आणि आता पाळकही. तुझ्या विचारण्यात काळजी होती आणि जबाबदारीही होती, हे मला कळलं. म्हणून सगळं नीट लिहितो. बोलताना मला हे जमलं नसतं.

आधी एक रविवार सांगतो. आजवर तुला सांगितला नाही.

आप्पा अर्धांगानं पडले ते चौदा महिने अंथरुणावर होते, हे तुला ठाऊक आहे. शेजारच्या मावशीनं त्या काळात काय केलं ते तू लांब असल्यानं पाहिलं नाहीस. मावशी आठवते ना? गळ्यात तुळशीची माळ, दर आषाढीला दिंडीबरोबर पायी पंढरपूर. आप्पांचा उजवा हात वळला होता, मूठ घट्ट मिटलेली, नखं तळहातात रुतायची. आईनं किंवा मी उघडायला गेलो की ते कळवळायचे. मावशी पितळी वाटीत कोमट पाणी आणायची, मूठ त्यात बुडवून बसायची आणि मग एकेक बोट सोडवायची, गरम पोळीचे पदर सोडवावेत तशी. बोट मोकळं झालं की नख कापायचं, बोटांच्या बेचक्या पुसायच्या, खोबरेल लावायचं. दर चार-आठ दिवसांनी. तोंडानं अभंग चालू. आप्पांची वाचा गेली होती, पण तिचा सूर लागला की त्यांच्या घशातून ना. वा. टिळकांच्या ख्रिस्ती गीताची चाल यायची. शब्द अर्धेमुर्धे, चाल पक्की. एकाच खोलीत दोघं दोन गाणी म्हणायची आणि कुणाला कुणाची अडचण व्हायची नाही. शेवटच्या दिवशी आप्पांचं अंग तिनं आणि मी मिळून पुसलं.

दफनानंतर महिन्याचा पहिला रविवार आला. आई एकटी जायला तयार नव्हती, म्हणून मावशी तिच्याबरोबर आपल्या ख्रिस्ती मंदिरात आली. नवं लुगडं, डोक्यावरून पदर, आईच्या शेजारी बाकावर. प्रभुभोजन होतं, प्रभूच्या आठवणीचा पाव वाटायचा विधी. पावाच्या बारीक फोडींचं ताट घेऊन मंडळीतले एक वडीलधारे सेवक ओळीओळीनं येत होते. मावशीनं आजूबाजूला पाहिलं, लोक हात पुढे करतायत हे तिनं पाहिलं, आणि तिनंही हात पुढे केला. तिला येतो तसा: उजव्या तळव्याची ओंजळ, खाली डावा हात, तीर्थ घेतात तशी. ताट आईपाशी थांबलं. मग तिच्या ओंजळीवरून, वीतभर उंचीवरून, पलीकडच्या बाईकडे गेलं. ताट धरणाऱ्याचा दोष मी मानत नाही. भला माणूस आहे, आप्पांच्या पेटीला त्यानं खांदा दिला होता. नियम होता, तो त्यानं पाळला. मावशीनं क्षणभर रिकाम्या ओंजळीकडे पाहिलं. मग ती ओंजळ डोळ्यांना लावली, कपाळाला लावली आणि हात मांडीवर ठेवले.

माझ्या हातात फोड होती. मी ती खाल्ली. हे तुला सांगायलाच हवं. ती अर्धी मोडून तिला द्यायचं मला सुचलं नाही, किंवा सुचलं आणि धीर झाला नाही.

घरी येताना मला काहीतरी बोलायचं होतं, पण तोंड उघडेना. मावशीच म्हणाली, "पुरला नसंल, बाबा. माणसं लई होती."

मित्रा, त्या दिवसापासून माझं वाचन, माझी प्रार्थना, सगळं त्या दोन शब्दांभोवती फिरतंय. पाच भाकरी पाच हजारांना पुरल्या आणि बारा टोपल्या उरल्या असं लहानपणापासून सांगत आलेलो आपण, आणि आपल्या मंदिरातून एक म्हातारी बाई "पुरला नसंल" अशी समजूत काढून घेऊन बाहेर पडली. तीही आपली अब्रू राखायला.

तू पौलानं करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय काढशील, मला माहीत आहे. "अयोग्य प्रकारे" खाणाऱ्याबद्दलचा इशारा. मीही तोच काढला होता. पण वरच्या ओळींपासून वाच. पौल कशावर चिडलाय? करिंथात काहीजण आधीच जेवून घेतात, काही उपाशी राहतात, ज्यांच्याकडे नाही त्यांना खाली पाहायला लागतं. "शरीर न ओळखता" खाणं म्हणजे काय ते तिथेच सांगितलंय: शेजारी बसलेला त्याच शरीराचा आहे हे न ओळखणं. ज्या वचनाच्या जोरावर ताट मावशीवरून गेलं, ते वचन मुळात ताट अडवणाऱ्यांसाठी लिहिलेलं आहे. आता, बाप्तिस्मा नसलेल्याला प्रभुभोजन नाही हा नियम फार जुना आहे, पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या 'बारा प्रेषितांच्या शिकवणी'तही आहे, हे मी नाकारत नाही. छळाचे दिवस होते, घरात कोण घ्यावा कोण नाही याचा विचार करावाच लागे. पण आपल्या पेठेत आपला छळ कोण करतंय? आणि मावशी कोणत्या शत्रूकडून आली होती?

मला सर्वांत जास्त लागलं ते वेगळंच. माझ्या पणजोबांनी 1900 च्या दुष्काळानंतर बाप्तिस्मा घेतला. गावानं त्यांना "पोटासाठी बाटले" म्हटलं. पोट होतंच, आणि त्यात लाज कसली? पण आजोबा सांगायचे ते दुसरं होतं. देवळाच्या पायरीच्या अलीकडे थांबणारा माणूस मिशनच्या मंदिरात आत गेला, बाकावर बसला, आणि एका गोऱ्या साहेबानं ज्या पेल्याला ओठ लावला तोच पेला त्याच्या हातात आला. एका पेल्यातून. आजोबा हे सांगताना दर वेळी दोन्ही हात असे पुढे करून दाखवायचे. आपलं ख्रिस्तीपण तिथून सुरू होतं, मित्रा. कुणीतरी पेला न अडवण्यातून. त्या वारशातला मी, मावशीची ओंजळ रिकामी राहताना शेजारच्या बाकावर बसून होतो.

दार म्हणून मिळालेली गोष्ट आपण हळूहळू कुंपण केली. याला आपणच जबाबदार आहोत असंही नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींच्या यादीतून आपल्या दलित ख्रिस्ती लोकांना बाहेर ठेवलं. शिखांना 1956 मध्ये आणि बौद्धांना 1990 मध्ये आत घेतलं, आपण अजून बाहेरच. कागदावर "ख्रिस्ती" लिहायची किंमत घराघरानं मोजली. किंमत मोजलेली गोष्ट माणूस घट्ट धरतो. आठवतं, गणपतीत कुणी मोदक दिला की आपण दोघं तो खिशात घालून मंदिराच्या मागच्या भिंतीपलीकडे टाकायचो? आपल्याला वाटायचं आपण दानिएलासारखे शूर आहोत. आप्पा मात्र मावशीनं दिलेला प्रसाद हातात घ्यायचे, डोळे मिटून देवबापाचे आभार मानायचे आणि खायचे. मला त्यांचा राग यायचा. आप्पांचा विश्वास कच्चा आहे असं मला वाटायचं, बघ.

आता मी जे मानायला लागलोय ते सांगतो. देवानं मनुष्याशी जे नातं जोडलंय ते आपल्या मंडळीच्या नोंदवहीत नाव चढल्यावर सुरू होत नाही. ते आधीच आहे, सगळ्यांशी आहे. आपण ख्रिस्ती म्हणजे ज्यांना ही बातमी कळली ते लोक. बातमी कळलेल्यानं ती वाटायची असते, स्वतःपुरती राखायची नसते.

हे मी हवेतून काढलेलं नाही. मंडळीतल्या तरुणांपुढे नायसियाच्या परिषदेला 1700 वर्षं झाली म्हणून बोलायला मला सांगितलं होतं. 325 साली नायसियात ठरलं की पुत्र पित्याशी एकाच तत्त्वाचा आहे. त्यासाठी ग्रीक शब्द वापरला 'होमोऊसियोस'. एवढं आपण दोघंही शिकलो होतो. पुढे वाचत गेलो आणि 451 सालच्या कॅल्सेडनच्या परिषदेपाशी थबकलो. तिथल्या आचार्यांनी तोच शब्द दोनदा वापरलाय. ख्रिस्त देवपणानं पित्याशी होमोऊसियोस, आणि मनुष्यपणानं आपल्याशी होमोऊसियोस. तोच शब्द, त्याच वाक्यात. मी तीन-चार वेळा वाचलं. पहिल्या अर्ध्यासाठी मंडळ्या भांडल्या, माणसं हद्दपार झाली. दुसरा अर्धा आपल्या व्यासपीठावरून मी कधी ऐकला नाही. आणि "आपल्याशी" म्हणजे कुणाशी? "बाप्तिस्मा झालेल्यांशी" असं तिथे म्हटलेलं नाही. त्यानं घेतलं ते मनुष्यपण. मावशीला जे हाडमांस आहे तेच.

चौथ्या शतकातला अलेक्झांड्रियाचा अथनेशियस तर उघडच म्हणतो, तो मनुष्य झाला, आपण देवरूप व्हावं म्हणून. पूर्वेकडच्या मंडळ्यांमध्ये ही रोजची शिकवण आहे. आपल्याला मिशनऱ्यांकडून पाप आणि क्षमा एवढा भाग मिळाला. तो खरा आहे, मला तो सोडायचा नाही. पण शास्त्रातच पेत्राच्या दुसऱ्या पत्रात आपण "दैवी स्वभावाचे वाटेकरी" व्हावं असं लिहिलंय. आणि पौल आथेन्समध्ये काय करतो बघ. समोर मूर्तिपूजक, एकाचाही बाप्तिस्मा नाही. त्यांना तो सांगतो, आपण त्याच्या ठायी जगतो, वागतो आणि आहोत. वर त्यांच्याच एका कवीचा दाखला देतो की आपण त्याचा वंश आहोत. "आपण" म्हणतो! "तुम्ही" आणि "आम्ही" करत नाही.

आणखी एक जागा, जी मी इतकी वर्षं वाचायचा कंटाळा करत होतो. लूकच्या तिसऱ्या अध्यायातली वंशावळ. मत्तय अब्राहामापासून सुरू करून येशूपर्यंत येतो, म्हणजे एका राष्ट्राची कथा. लूक उलटा मागे मागे जातो, याचा, त्याचा, त्याचा, आणि शेवटी शेथाचा, आदामाचा, देवाचा. आदामावर थांबत नाही. येशूच्या बाप्तिस्म्याच्या लगेच खाली ही यादी आहे. आकाशातून "तू माझा प्रिय पुत्र" असा आवाज आला, आणि लूक लगेच दाखवतो की हे पुत्रपण आदामाच्या घरातूनच वाहत येतंय. मावशीची वंशावळ लिहिली तर ती कुठे जाऊन टेकेल?

तू म्हणशील, मग वधस्तंभ कशाला, पश्चात्ताप कशाला, तू बाप्तिस्मा देतोस तो कशाला? मी यावर खूप दिवस काढले. आपल्याकडे जमिनीचं असतं तसं मला वाटतं. वारस जन्मानं होतो. तलाठ्याकडे फेरफार नंतर होतो, सातबाऱ्यावर नाव नंतर चढतं. नोंद नसली तर हक्क असूनही माणूस भूमिहीनासारखा जगतो, सावकार त्याला फसवतो, म्हणून नोंद मोलाची आहे. पण नोंदीनं वारस तयार होत नाही. उधळ्या पुत्राकडे बघ. डुकरं राखतानाही तो मुलगाच होता, त्याला तेवढं माहीत नव्हतं. घरी निघताना त्यानं मनात वाक्य जुळवलं, "मला आपल्या एका मोलकऱ्यासारखं ठेवा." बापापुढे उभा राहिल्यावर तेवढंच वाक्य त्याच्या तोंडून निघत नाही. बाप त्याच्या आधीच झगा मागवतो. पश्चात्ताप म्हणजे हे वाक्य गळून पडणं, असं मला आता वाटतं. आणि पाप आता मला आधीपेक्षा भयंकर वाटतं. देवाच्या वंशाचा माणूस देवाच्या वंशाच्या माणसाला छळतो, याहून वाईट काय?

दुसरी शंका मला तुझ्या आवाजातच ऐकू येते: हे वेदान्तच झालं की. नाही रे. मी "मीच देव" म्हणत नाही. तुकोबांनाही ते नको होतं, ब्रह्मज्ञान नको, मी भक्त आणि तू देव असंच राहू दे, असं ते विठ्ठलाला सांगतात. जुन्या आचार्यांचा एक दाखला मला पटतो, आपल्या लोहारआळीत तो रोज दिसतो. फाळ भट्टीत घातला की लाल होतो, विस्तवासारखा तापतो, हात लावला तर भाजतो. तरी लोखंड ते लोखंड, विस्तव तो विस्तव. किती एक झाले आणि तरी दोन राहिले! योहानाच्या सतराव्या अध्यायात प्रभू हेच मागतो, हे बापा, जसा तू माझ्यामध्ये व मी तुझ्यामध्ये, तसे त्यांनीही आपल्यामध्ये एक व्हावे. आपण त्यातून मंडळ्यामंडळ्यांच्या एकीचं प्रवचन काढतो. मागणं त्याहून कितीतरी खोल आहे.

आणि हे आपल्या मराठी मातीत नवं नाही, याचा मला सर्वांत जास्त आनंद आहे. टिळकांची गीतं आपण गातो. शेवटची दोन वर्षं त्यांनी काय केलं ते आपल्याला शनिवार-रविवारच्या शाळेत कुणी सांगितलं नाही. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेला हा माणूस म्हणायचा की मी तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. 1917 मध्ये त्यांनी मिशनचं काम आणि पगार सोडला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. त्यात ख्रिस्ताचे शिष्य यायचे, बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोन्ही. त्यांच्यावर टीका झाली. 1919 च्या मे महिन्यात ते गेले आणि तो दरबार रुजायच्या आतच थांबला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण सोवळं-ओवळं त्यांनी त्याआधीच टाकलं होतं. पाणी डोक्यावर पडायच्या आधीच त्यांच्यात देवाचं काम चालू होतं, ते कुणाच्या परवानगीनं? पंडिता रमाबाईही आठव. बाप्तिस्मा इंग्लंडात घेतला, पण क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, असं त्या विचारत राहिल्या. ख्रिस्त त्यांचा होता, कुणाच्या चाकोरीतून येण्याची त्याला गरज नव्हती. ही माणसं आपल्या भिंतीवर तसबिरीत आहेत. त्यांना तसबिरीतून खाली घ्यावं असं मला फार वाटतं.

मी मंडळी सोडलेली नाही. दर रविवारी जातो, वर्गणी भरतो, गायनात उभा राहतो. फक्त पहिल्या रविवारी ताट आलं की मी ते पुढे देतो, घेत नाही. लोकांनी हेच पाहिलं असणार आणि तुझ्यापर्यंत पोचवलं असणार. रागानं करत नाही. मावशीच्या ओंजळीवरून गेलेलं ताट माझ्या हातात येऊन थांबतं ते मला पेलत नाही, एवढंच. यानं माझं काहीतरी कमी होतंय हेही मला जाणवतं. मला ती भाकर हवी आहे, मित्रा. फार हवी आहे.

म्हणून एक मागतो. डिसेंबरात आप्पांच्या वर्षदिनाला तू येणार आहेस. उपासना मंदिरात नको, आमच्या अंगणात कर असं आई म्हणते. आप्पांची खाट जिथे उन्हाला ठेवायचो, तिथे. तू पाळक आहेस, अभिषिक्त आहेस, तुझ्या हातानं प्रभुभोजन होऊ दे. आणि मावशीची ओंजळ आली तर तू थांब. यानं तुझ्यावर वरून विचारणा होऊ शकते, तुझी बदली, तुझं नाव, सगळं मला दिसतं. नाही म्हणालास तरी आपल्यात काही बदलणार नाही, आणि मी त्याला भित्रेपणा म्हणणार नाही. त्या दिवशी फोड खाल्लेला मी, मी कोणाला काय म्हणणार? पण उत्तर घाईनं देऊ नकोस. अकरावा अध्याय एकदा सतराव्या वचनापासून पुन्हा वाच, आणि मग लिही.

पावाचं सामान शहरातून आणू का असं मी आईला विचारलं. ती म्हणाली, शास्त्रात भाकर लिहिलीय ना, मग भाकरच करू. ज्वारी मावशीच्या शेतातली आहे, आणि थापणारही तीच आहे, असं त्या दोघींनी परस्पर ठरवून टाकलंय.

आईचा तुला आणि वहिनींना सलाम. पोरीला आशीर्वाद.

तुझाच